विषाणूचं इंजेक्शन: पैसे देण्याआधी हे बघा

निपाणीत माझं औषधांचं दुकान आहे. भाग तंबाखूचा, त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे कागद घेऊन माणसं येतात. हल्ली सोबत मोबाईलवर व्हिडिओही असतो: विषाणू टोचला की गाठ जाते. या उपचारात तथ्य आहे, म्हणूनच फसायला सोपं जातं.

आधी बायोप्सीचा रिपोर्ट काढून कॅन्सरचं नाव वाचा. अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेलं टी-व्हेक नावाचं विषाणूचं इंजेक्शन मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरसाठी आहे. ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीसच्या विषाणूतली काही जनुकं काढून ते बनवलंय. गाठीतच टोचतात, विषाणू कॅन्सरच्या पेशीत वाढून ती फोडतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. जपानने २०२१ मध्ये अशाच विषाणूला मेंदूच्या गाठीसाठी सशर्त मान्यता दिली. आपल्याकडच्या रिपोर्टवर बहुतेकदा 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असतं, म्हणजे तोंडाचा नेहमी दिसणारा कॅन्सर; तो मेलॅनोमा नव्हे. त्याला टी-व्हेक चालेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग विचारा, औषध ठेवता कुठे? टी-व्हेकला उणे ७० ते उणे ९० अंश थंडी लागते. बर्फाच्या डब्यातून बाटली आणून घरी टोचून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

'ट्रायल आहे', म्हणजे उपचाराची माणसांवर अजून चाचणी चालू आहे, असं म्हणाले तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या ट्रायलची ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर फुकट बघता येते. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला शोधायला सांगा. कुठला कॅन्सर, कुठलं हॉस्पिटल, भरती चालू आहे का, हे ताडून पाहा. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार देणं २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते कागदावर कुठं लिहिलंय ते दाखवायला लावा.

सगळ्यात जास्त मी संमतीपत्रावर अडून बसतो. आपल्या भागात कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत पुढे येतो आणि म्हातारी माणसं 'डॉक्टरसाहेब म्हणतात ना' म्हणून अंगठा देतात. पेशंटला समजणाऱ्या भाषेत माहिती देणं हा नियम आहे, उपकार नव्हे. मराठीत मागा, घरी आणा, चारचौघांत वाचा. लगेच सही करा असा आग्रह झाला तर उठून या.

आणि ऑपरेशनची किंवा रेडिएशनची तारीख मिळाली असेल, तर यातल्या कशासाठीही ती पुढे ढकलू नका.