गल्लीतलं काम महापालिकेकडून करून घ्यायचं असेल तर

गल्लीतल्या लोकांनी मिळून काही करायचं ठरवलं की पहिल्यांदा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, मग ग्रुपचं नाव काय, मग लोगो, मग अध्यक्ष कोण आणि खजिनदार कोण, आणि एवढं सगळं होईपर्यंत ज्या फुटक्या चेंबरवरून विषय निघाला तो चेंबर तसाच उघडा. म्हणून माझं सरळ म्हणणं, आधी एक काम पदरात पाडा, मंडळ नंतर आपोआप होतं. मी पुण्याच्या हिशोबाने लिहितेय कारण इथलंच मला नीट माहितीये, बाकी शहरांत ऑफिसांची नावं वेगळी असतील, चक्र साधारण तेच.

काम निवडताना बोट दाखवून सांगता येईल असंच निवडा. "परिसर सुंदर करूया" हे काम नाही, त्यावर सगळे अंगठा दाखवतात आणि कोणी येत नाही. "किराणा दुकानासमोरच्या वळणावरचा दिवा बंद आहे", हे काम. पहिलं काम मुद्दाम सोपं घ्या, दिवा किंवा चेंबरचं झाकण, कारण लोकांना एकदा दिसलं की अर्ज केल्यावर खरंच काहीतरी होतं, की मग अवघड कामाला माणसं मिळतात. पार्किंग आणि भटकी कुत्री हे दोन विषय मात्र पहिल्या वर्षी मिटिंगला घेऊच नका, खरंच सांगते, चांगले चांगले ग्रुप त्यावर फुटलेत.

आता सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो तर हे काम नक्की कोणाचं ते शोधण्यात. रस्त्यावरचा दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा, पण शेजारचा ठिणग्या उडणारा डीपी महावितरणचा. मैलापाण्याची लाइन मलनिःसारणवाल्यांची, पावसाळी गटार वेगळं, आणि दोन्हीची झाकणं वरून सारखीच दिसतात, त्यामुळे लोक चुकीच्या टेबलावर महिनाभर वाट बघत बसतात. मोठा रस्ता असेल तर पथ विभाग, आतली गल्ली असेल तर क्षेत्रीय कार्यालय (म्हणजे वॉर्ड ऑफिस). झाडाची फांदी दिव्यावर आलीये तर उद्यान विभाग, आणि इथे जरा सांभाळून, रविवारी सकाळी कोयता घेऊन स्वतःच छाटायला चढू नका, महाराष्ट्रात १९७५ पासून शहरातल्या झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे, झाड तोडायला किंवा छाटायला आधी परवानगी लागते, झाड तुमच्या कंपाउंडमध्ये असलं तरी.

अजून एक जागा जिथे लोक फसतात. जुन्या लेआउटमधला रस्ता महापालिकेच्या ताब्यात आलेलाच नसतो, कागदावर तो खासगीच असतो, आणि मग तुम्ही कितीही अर्ज करा, "आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर. तर रस्त्याचं काम असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा की रस्ता हस्तांतरित झालाय का. नसेल तर आधी ते प्रकरण मार्गी लावावं लागेल, डांबर नंतर.

तक्रार करताना ॲपवर टोकन घ्या (पुण्यात पीएमसी केअर आहे), पण नुसत्या ॲपवर विसंबू नका. ॲपवरची तक्रार कधीकधी "निराकरण झाले" म्हणून बंद होते आणि खड्डा तिथेच असतो. त्यामुळे कागदी अर्ज द्यायचाच, दोन प्रती, एक त्यांना द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. ही पोच म्हणजे तुमची खरी ताकद, पुढे सगळं तिच्यावर चालतं. अर्ज लांबलचक नको, भावनिक तर अजिबात नको. साधारण असा:

"विषय: अमुक गल्ली, अमुक सोसायटीच्या गेटसमोरील ड्रेनेज चेंबरचे झाकण तुटल्याबाबत. महोदय, वरील ठिकाणी चेंबरचे झाकण अमुक तारखेपासून तुटलेले आहे. शेजारी शाळेची बस थांबते. ॲपवरील तक्रार क्रमांक अमुक. सोबत फोटो जोडले आहेत. कृपया झाकण बदलावे व केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी."

बस एवढंच. दिव्याची तक्रार असेल तर खांबावर रंगवलेला नंबर लिहा, तो नसला तर वायरमन येऊन चालू दिवे बघून परत जातो. सह्यांखाली फ्लॅट नंबर किंवा दुकानाचं नाव येऊ द्या, वीस वाचता येणाऱ्या सह्या शंभर गिरगोट्यांपेक्षा बऱ्या. आणि एका अर्जात एकच विषय, कारण दिवा, गटार, फांदी सगळं एकत्र लिहिलं की अर्ज तीन टेबलं फिरतो आणि कुठेच थांबत नाही.

इथून पुढे पाठपुरावा, आणि बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. आठवड्यातून एकदा एकाच माणसाने जायचं, शक्यतो सकाळी, जेई साहेब (कनिष्ठ अभियंता) साइटवर निघायच्या आधी. पंधरा जणांचं शिष्टमंडळ रोज रोज नको, त्याने समोरचा माणूस बचावात जातो. आणि "काम कधी होणार" असं विचारायचं नाही, त्याला "लवकरच" हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी काम कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारायचं. जागेची पाहणी झाली का, एस्टिमेट तयार झालं का, कोणत्या बजेट हेडमधून (म्हणजे बजेटमधल्या कोणत्या तरतुदीतून) करणार, त्यात तरतूद शिल्लक आहे का, टेंडर निघालं का, वर्क ऑर्डर (काम सुरू करायचा आदेश) कोणाला दिली आणि मुदत किती. झाकण बदलण्यासारखं किरकोळ काम असेल तर देखभालीच्या चालू ठेक्यातूनच होतं, एवढे टप्पे नसतात, पण गटाराची नवीन लाइन किंवा फूटपाथ म्हटलं की हे सगळं आलंच. हे शब्द वापरून बोललात की समोरच्यालाही कळतं की माणूस कोऱ्या पाटीचा नाही, आणि खरं सांगायचं तर कनिष्ठ अभियंत्यांकडे एवढा मोठा भाग असतो की ज्याची फाइल कोणीतरी नीट विचारतंय तीच वर येते. त्यांच्याशी भांडून फायदा नाही, उलट पाहणीला आले की एकाने सोबत फिरायचं, चहा पाजायचा, कुठे पाणी तुंबतं ते दाखवायचं, नकाशावर ते दिसत नाही.

वेळेचं पण गणित आहे. मोठ्या कामाचा पैसा बजेटमध्ये आधी यावा लागतो आणि आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणजे डिसेंबरात जागं होऊन उपयोग नाही. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा प्रकार आहे, आपल्या भागातलं छोटं काम आपण सुचवायचं, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास अर्ज मागवतात, एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा ठेवलेली असते. बाक, फूटपाथची दुरुस्ती, दिवे, बसस्टॉप, अशी कामं यात बसतात. किती तरी लोकांना हे माहितीच नसतं, आणि माहिती असणारे शेवटच्या दिवशी धावत जातात. ऑगस्ट लागला की क्षेत्रीय कार्यालयात जाऊन फॉर्म कधी येणार ते विचारून ठेवा, जागा आणि माप नीट लिहा, आणि काम बजेटच्या पुस्तकात आलं का ते नंतर स्वतः उघडून बघा. आलं तरी काम होईलच असं नाही हं, टेंडर निघेपर्यंत मागे लागावं लागतंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी संपवायची घाई असते तेव्हा अडकलेली कामं अचानक सुटतात, तेव्हा आपली फाइल हातात तयार हवी. पावसाळ्यात खोदाई बंद असते, आचारसंहिता लागली की नवीन कामं थांबतात, हे पण धरून चाला.

माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, विद्यमान, सगळ्यांना अर्जाची प्रत द्या, एकालाच चिकटू नका. मार्च २०२२ ला पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढची कितीतरी वर्षं प्रशासकच होते, तेव्हा ज्यांचं सगळं एका माननीयांच्या फोनवर चालायचं ते बसले हातावर हात ठेवून, ज्यांच्याकडे पोच होती त्यांची कामं हळूहळू का होईना चालू राहिली. आणि काम झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी "माननीयांच्या विशेष प्रयत्नांतून" असा फ्लेक्स लागणारच आहे, लागू दे. त्यावरून वाद घालत बसू नका, आपल्याला गटार हवं होतं ते मिळालं.

काहीच उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा असा नियम आहे, आणि "का केलं नाही" असं विचारू नका, कागद मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याच्या प्रती, एस्टिमेटची प्रत, वर्क ऑर्डरची प्रत. बऱ्याचदा अर्ज पडल्यावरच काम हलतं. त्याच्याही आधी फाइल नुसती बघायला मिळेल का ते विचारा, पुण्यात बरीच वर्षं सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अर्जाशिवाय फायली बघू देण्याची सोय होती, फाइल समोर असली की एका बैठकीत जे कळतं ते महिनाभर फोन करून कळत नाही.

काम सुरू झालं की तिथे उभं राहा. फूटपाथ होत असेल तर टेप घेऊन जा, इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रहिवासी भागात चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे गुडघाभर उंच फूटपाथ करतात आणि मग आजी-आजोबा खालूनच चालतात. वर्क ऑर्डरमध्ये दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे तेवढ्या काळात काम खराब झालं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. ती तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण ती संपल्यावर तोच खड्डा पुन्हा नवीन टेंडर होतो.

कचऱ्याच्या स्पॉटबद्दल वेगळं लिहिते कारण तिथे अर्जाने भागत नाही. कोपऱ्यावरचा ढीग उचलायला गाडी येते, तासाभरात परत ढीग. लोक काय करतात तर भिंतीवर देवांच्या टाइल्स लावतात, मला ते अजिबात पटत नाही, कचरा चार फूट पुढे सरकतो आणि देवांसमोर पडतो. आधी बघा कोण टाकतंय आणि कधी. गच्चीवरून एक-दोन आठवडे लक्ष ठेवलं की कळतं, बहुतेक वेळा ती वाईट माणसं नसतात, घंटागाडीच्या वेळेला घरी नसणारी असतात, रात्रपाळीवाले, कॉट बेसिसवर राहणारी मुलं, नाहीतर चहाची टपरी जिला कोणी कचरा देण्याची सोयच सांगितलेली नाही. त्यांना दंडाची धमकी देण्याआधी त्यांची वेळ जुळवून द्या, एखाद्या सोसायटीच्या गेटपाशी झाकणाचे डबे ठेवून.

आणि ही चर्चा कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना बोलावल्याशिवाय करू नका. पुण्यात घरोघरचा कचरा बऱ्याच भागांत स्वच्छ संस्थेच्या सभासद गोळा करतात, ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, कोणाकडे किती ओला-सुका येतो आणि कोण सगळं एकत्र बांधून देतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहिती नसतं. त्यांची फी वेळेवर द्या, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून लाल खूण करून वेगळे द्या, उघड्या हाताने ते निवडावं लागतं हो त्यांना. मग एक दिवस आरोग्य निरीक्षकांना सांगून स्पॉट पूर्ण धुऊन घ्या, त्याच संध्याकाळी तिथे रांगोळी आणि खुर्च्या, आणि पुढचे काही दिवस टाकायच्या नेमक्या वेळेला दोघं-तिघं तिथे गप्पा मारत बसा. जागा रिकामी राहिली की संपलं, तिथे माणूस दिसला पाहिजे. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठी सोसायटी असेल तर ओला कचरा आवारातच जिरवायचा असं २०१६ च्या घनकचरा नियमांतच होतं, आणि पुण्यात गांडूळखत, सोलर किंवा पावसाचं पाणी जिरवणं केलं तर मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट मिळते, मिटिंगला हे सांगा, पर्यावरणापेक्षा लवकर पटतं.

पैशाचं थोडक्यात. शक्यतो गोळाच करू नका, रांगोळी-झाडूपुरते लागतील तेवढेच, आणि हिशोब त्याच रात्री ग्रुपवर, बिलाच्या फोटोसकट. रजिस्ट्रेशनची घाई नको, संस्था नोंदणीला ७ जण लागतात ते मिळतील, पण मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट, हे सगळं कोण करणार? देणग्या किंवा मोठा निधी घ्यायचा असेल तरच त्या वाटेला जा. नुसते अर्ज करायला नोंदणी लागत नाही, नागरिक म्हणून सही पुरते.

मिटिंग रस्त्यावरच घ्या, कोणाच्या हॉलमध्ये नको, हॉलमध्ये घेतली की त्या घराच्या ओळखीचेच येतात. भाडेकरू, वॉचमन, इस्त्रीवाले, टपरीवाले यांना निरोप द्या, दिवसभर गल्लीत तेच असतात, पाइप कधी फुटला ते त्यांनाच आधी कळतं. अर्धा तास बास, एक विषय, कोण जाणार आणि कधी एवढं ठरवून उठायचं.

आणि सगळे अर्ज, पोच, फोटो एका फाइलमध्ये, फाइल एकाच्या घरी आणि तिचे स्कॅन निदान तिघांच्या फोनमध्ये. पाठपुरावा करणारा माणूस बदली होऊन गेला किंवा नुसता कंटाळला तरी पुढच्याने "साहेब, मागच्या जूनचा हा आवक क्रमांक" म्हणून तिथूनच सुरू करता आलं पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्या अर्जापासून.