बिघडलेल्या मुलाखतीनंतर पुढच्या मुलाखतीची तयारी

नाशिक परिसरातील सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एखाद्या कारखान्यात मुलाखत देऊन खट्टू मनाने घरी परतलेल्या उमेदवाराने निकालाचे तर्क लढवत बसू नये. विचारलेले सर्व प्रश्न आणि आपण दिलेली उत्तरे, शक्यतो त्याच शब्दांत, त्याच संध्याकाळी वहीत उतरवून काढावीत. दोन दिवसांनी प्रश्न विसरतात, लाज मात्र लक्षात राहते, आणि तिच्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही.

मग प्रत्येक फसलेल्या उत्तरापुढे कारण लिहावे: विषयच येत नव्हता, की येत असूनही सांगता आला नाही? बहुतेक उमेदवार सगळे खापर इंग्रजीवर फोडतात आणि हा फरक पाहतच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. समजा, गुणवत्ता विभागाच्या मुलाखतीत व्हर्निअर कॅलिपर या लांबी-जाडी मोजण्याच्या उपकरणाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारे सर्वांत लहान माप, विचारला, ‘०.०२ मिलिमीटर’ हे पाठ केलेले उत्तर दिले आणि ‘कसा?’ म्हटल्यावर गप्प बसावे लागले. येथे उणीव समजेची आहे. मुख्य पट्टीवरील ४९ मिलिमीटर लांबीचे सरकपट्टीवर ५० समान भाग केलेले असतात, म्हणून एक भाग ०.९८ मिलिमीटरचा होतो आणि १ मिलिमीटरशी त्याचा फरक ०.०२ उरतो, हे आकृती काढून समजून घेतले, की प्रश्न कसाही फिरवला तरी उत्तर देता येते.

सांगता आले नसेल, तर उत्तरे मोठ्याने बोलण्याचा सराव करावा, कारण मनातल्या मनात म्हटलेले उत्तर नेहमी सुरळीतच वाटते. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचे उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावे. त्यात शिक्षण, केलेले काम आणि या पदाशी त्याचा संबंध एवढेच असावे. डिप्लोमाच्या प्रोजेक्टबद्दल बोलताना ‘आम्ही केले’ यावर न थांबता आपला स्वतःचा वाटा सांगावा. नाशिकमध्ये राहून सिन्नरला रात्रपाळी कशी कराल, याचे उत्तरही घरी बोलून आधीच ठरवलेले असावे.

एखादे महत्त्वाचे उत्तर चुकले असेल, तर दुसऱ्या दिवशी आभाराच्या ईमेलमध्ये दोन ओळींत ते दुरुस्त करावे. सबबी सांगू नयेत. नकार आल्यास आपण कोठे कमी पडलो, हे नम्रपणे एकदाच विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच वहीत नोंदवावे. पुढच्या मुलाखतीआधी त्या क्षेत्रात काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला ती वही देऊन प्रश्न विचारायला सांगावे, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याने ‘कसे?’ असे विचारावे, अशी विनंती करावी.