संध्याकाळ झोपेपासून उलटी मोजा

लहान मुलं असलेल्या नोकरदार आईबापांना संध्याकाळ पुरत नाही. बहुतेक घरांत ती पाऊल आत पडल्यापासून पुढे मोजली जाते: आधी स्वयंपाक, मग जेवण, मग अभ्यास, आणि राहिलेल्या वेळात झोप. मग झोप दहाच्या पुढे जाते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचीच चिडचिड होते. मी संध्याकाळ उलटी मोजते. मुलं किती वाजता झोपलेली हवीत हे आधी पक्कं करायचं आणि तिथून मागे येत एकेक काम बसवायचं. जे बसत नाही ते संध्याकाळच्या यादीतूनच काढायचं, सकाळी न्यायचं किंवा सोडून द्यायचं.

माझी थोरली सहा वर्षांची आहे, धाकटा अडीच वर्षांचा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस तो उशिरा येतो. म्हणजे पुढचं बरंचसं एकट्या माणसालाही जमेल असंच आहे.

आधी झोपेचा हिशेब. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास झोप हवी, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. पहिल्या दोन गटांत दुपारची झोपही धरलेली आहे. धाकटा पाळणाघरात दुपारी दीड तास झोपतो आणि सकाळी पावणेसातला उठतो. त्यामुळे रात्री साडेआठला तो झोपलेला असायला हवा. थोरलीला झोपायला नऊ वाजले तरी चालतात. पाळणाघरात मुलाला दुपारी किती वाजेपर्यंत झोपू देतात, हे जरूर विचारून घ्या. चारनंतर उठलेलं मूल रात्री वेळेवर झोपत नाही, आणि त्याला आपण उगीच हट्टी ठरवतो.

आता मागे या. साडेआठला दिवा बंद, म्हणजे आठला अंथरुणात. त्याआधी वीस मिनिटं दात, हातपाय, कपडे. जेवणाला अर्धा तास. म्हणजे सव्वासातच्या आत ताटं वाढलेली हवीत. मी घरी पोहोचते साडेसहाला. मधे पाऊण तास राहतो, आणि त्यातला पहिला भाग स्वयंपाकाचा नाही.

तो मुलांचा आहे. ही गोष्ट मी सगळ्यात आग्रहाने सांगते. मुलांनी दिवसभर दुसऱ्यांच्या घरी किंवा शाळेत स्वतःला सावरून धरलेलं असतं. रांगेत उभं राहिलेलं असतं, खेळणं दुसऱ्याला दिलेलं असतं, रडू आवरलेलं असतं. आपलं माणूस दिसलं की हे सगळं बाहेर येतं. पाळणाघरातल्या ताई म्हणतात, ‘दिवसभर इतका छान होता!’, आणि दारात चप्पल काढताना तो जमिनीवर लोळण घेतो. तो तुमच्याकडेच मोकळा होऊ शकतो, म्हणून असं होतं. त्या वेळी ‘काय झालं, का रडतोस’ असे प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. खाली बसा, मांडीवर घ्या, पाणी द्या. पर्स बाजूला, फोन खणात. तातडीचा फोन येणार असेल तर आवाज चालू ठेवा, पण स्क्रीन मुलांसमोर नको. दहा-पंधरा मिनिटं पूर्ण मिळाली की पुढचा अर्धा तास ती बऱ्यापैकी आपली आपण खेळतात. ही मिनिटं वाचवायला गेलं तर ओट्याशी पायाला बिलगलेलं मूल घेऊन स्वयंपाक करावा लागतो आणि त्यात वेळ जास्त जातो.

त्याच वेळी पोटात काहीतरी जायला हवं. संध्याकाळच्या अर्ध्या रडण्याचं मूळ भूक असते. पण बिस्किटं दिली की जेवणाच्या वेळी तोंड फिरवलं जातं. मी रात्रीच्या जेवणातलाच एक भाग आधी देते: काकडीच्या पातळ चकत्या, वाफवलेली भाजी, एखादं फळ. जेवणात पुन्हा भाजी खाल्ली नाही तरी पोटात गेलेली असते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना द्राक्षं अख्खी देऊ नका, उभी चार तुकड्यांत कापा. कच्च्या गाजराचे जाड तुकडे आणि अख्खे दाणेही घशात अडकतात.

पंधरा मिनिटं अशी गेल्यावर स्वयंपाकाला अर्धा तास उरतो. अर्ध्या तासात सगळं सुरुवातीपासून होत नाही, म्हणून संध्याकाळच्या स्वयंपाकाचा मोठा भाग आधीच झालेला असायला हवा. सुट्टीच्या दिवशी मी दीड-दोन तास काढते. कडधान्यं शिजवते, एक-दोन भाज्या चिरून डब्यात भरते, एखादा पदार्थ दुप्पट करून निम्मा फ्रीजरमध्ये टाकते. आठवड्याच्या मधे, रात्री मुलं झोपल्यावर, दुसऱ्या दिवशीचं चिरणं आणि भिजत घालणं उरकते. संध्याकाळी फक्त शेवटचा टप्पा राहतो.

इथे माझ्या कामामुळे मी जरा काटेकोर आहे. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. खोल पातेल्यात ते लवकर निवत नाही, म्हणून पसरट भांड्यात काढा. फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या खाली हवं. एक साधा थर्मामीटर आत ठेवला की कळतं. शिजवलेलं अन्न तीन दिवसांत संपवा, भात मात्र दुसऱ्याच दिवशी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि नंतर गरम केल्याने ते विष जात नाही. गरम करायचं ते वाफा येईपर्यंत, आणि एकदाच.

स्वयंपाक चालू असताना थोरली ओट्याजवळच्या स्टुलावर बसून मला वाचून दाखवते. तिचा अभ्यास तेवढाच. धाकट्याला मी खरं काम देते: चमचे मोजून ठेव, रुमाल घड्या कर. घड्या वाकड्या होतात आणि तशाच ठेवल्या जातात.

स्क्रीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम, असं सांगितलं आहे. एखाद्या संध्याकाळी डोकं दुखत असेल, एकटेच असाल, तर दोन वर्षांपुढच्या मुलांना स्वयंपाकाच्या वेळी वीस मिनिटांचा एखादा कार्यक्रम लावून द्यायला अपराधी वाटून घेऊ नका. फक्त शेवट असलेली गोष्ट लावा, आपोआप पुढचा भाग सुरू होणारी नको. जेवणानंतर मात्र काहीही झालं तरी नाही. संध्याकाळच्या प्रखर उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक, कमी होतं, आणि लहान मुलांवर हा परिणाम मोठ्यांपेक्षा ठळक असतो. म्हणून साडेसातनंतर आमच्याकडे ट्यूबलाइट बंद, फक्त कोपऱ्यातला पिवळा दिवा.

जेवणाबाबत भांडण टाळण्याचा एक सोपा मार्ग आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही हे मुलाने. ताटात एक तरी गोष्ट अशी ठेवा जी ते हमखास खातं. नवा पदार्थ स्वीकारायला मुलांना तो दहा-पंधरा वेळासुद्धा ताटात दिसावा लागतो, तेव्हा दोन घासांनंतर ‘नको’ म्हटलं तर पुढे जा. अर्ध्या तासाने ताट उचला. एका जेवणावरून काही ठरवू नका, आठवडाभरात किती खाल्लं ते बघा.

दात झोपताना घासू नका, जेवण झाल्याबरोबर घासा. पेंगुळलेलं मूल तोंड उघडत नाही. तीन वर्षांच्या आत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा. रात्री दात घासून झाले की प्यायला फक्त पाणी.

आंघोळ रोज संध्याकाळी हवीच असं नाही. हातपाय, तोंड धुतलं, अंग पुसलं की पुरे. आंघोळ घालणार असाल तर एक गोष्ट कधीही मोडू नका: लहान मुलाला पाण्याजवळ एकटं सोडायचं नाही. दारावरची बेल वाजू दे, गॅसवर काही असेल तर आधी बंद करून या. बादलीतलं दोन इंच पाणीसुद्धा जीवघेणं असतं.

‘पाच मिनिटांत झोपायचं’ हे अडीच वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘हे ठोकळे डब्यात गेले की कपडे बदलायचे’ हे कळतं. ‘कपडे बदलायचे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येणारच. निळा पायजमा की हिरवा, असं विचारा.

दोघं घरी असाल तर कामं तुकड्यातुकड्यांनी वाटू नका. एकाकडे पूर्ण स्वयंपाकघर, दुसऱ्याकडे पूर्ण मुलं, आणि दर आठवड्याला अदलाबदल. मुलं ज्याच्याकडे, त्यानेच पेस्ट संपली का, धुतलेले पायजमे कुठे आहेत, शाळेतून काय सूचना आली हे बघायचं. ‘काय करू सांग’ असं विचारणाऱ्या माणसाला सांगण्याचं कामही दुसऱ्याच्याच डोक्यावर राहतं.

उशिरा येणाऱ्यासाठी मुलांना जागं ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं. पावणेनऊला बाबा आला की मुलं उड्या मारायला लागतात आणि मग साडेदहापर्यंत कुणी झोपत नाही. आमच्याकडे सकाळ बाबाची आहे. उठवणं, खाऊ घालणं, शाळेपर्यंत सोडणं, सगळं तो करतो, आणि ती वेळ मुलं त्याच्यासोबत ताज्या मनाने घालवतात.

ताप, पाऊस, उशीर झालेली गाडी अशा दिवशी यादी तीनच गोष्टींची: पोट भरलेलं, दात घासलेले, वेळेवर झोप. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दहा मिनिटांत होणाऱ्या चार जेवणांची नावं आहेत, कारण दमलेल्या डोक्याला तेवढंही सुचत नाही. उकडलेलं अंडं आणि फळ हे त्यातलं पहिलं.

सध्या तुमच्याकडे मुलं दहाला झोपत असतील तर उद्या एकदम साडेआठचा हट्ट धरू नका, ती अंथरुणात तास दीड तास वळवळतील. झोपेची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, तीन-चार रात्री तिथेच ठेवा, मग पुढची पंधरा मिनिटं. सकाळी उठवण्याची वेळही तशीच अलीकडे सरकवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. जेवणाची वेळ त्यासोबत सरकवली नाही तर मूल भरल्या पोटाने अंथरुणात जाईल, म्हणून ताटंही तेवढीच लवकर वाढा. साधारण तीन आठवडे लागतील, आणि तोपर्यंत बाकी काही बदलायला घेऊ नका.