पडता पडता चार वाक्यं

माझी पहिली साहसकथा संपादकांकडून परत आली, तेव्हा समासात एकच ओळ खरडलेली होती : ‘हा पडतोय की गप्पा मारतोय?’ नायक १५व्या मजल्यावरून उडी मारतो आणि खाली पोचेपर्यंत खलनायकाला चार वाक्यं सुनावतो, असा तो प्रसंग. आधी राग आला. मग हिशेब केला. ४५ मीटर पडायला लागतात जेमतेम ३ सेकंद. तीच वाक्यं घड्याळ लावून मोठ्यानं वाचली, तर ११ सेकंद! माणूस केव्हाच जमिनीवर आदळला होता, बोलत होतो तो मी.

तेव्हापासून नव्यानं लिहिणाऱ्यांना मी सांगतो, अशक्य उड्या खुशाल लिहा. वाचक त्यासाठीच तर येतो. फक्त नियम मोडताना तो कोणता हे ठाऊक असू द्या, आणि एका वेळी एकच मोडा.

अंदाजासाठी खऱ्या माणसांचे आकडे हाताशी ठेवावेत. लांब उडीचा विश्वविक्रम ८.९५ मीटर, माइक पॉवेलनं १९९१ साली टोकियोत केलेला. त्यामुळे दोन गच्च्यांमध्ये १० मीटर अंतर ठेवलंत तर वाचक श्वास रोखतो. २५ ठेवलंत तर तो पान उलटतो. पलीकडची गच्ची खालच्या पातळीवर घ्या, हवेत जास्त वेळ मिळतो आणि उडी आपोआप लांबते. ही सवलत फुकटची आहे, घेत जा.

कोलांटीचा जोर मात्र पाय सुटायच्या आधीच घ्यावा लागतो. हवेत गेल्यावर अंग आखडून ती जलद करता येते, ताणून मंद करता येते, बस्स. म्हणून वर्णन पायांपासून सुरू करा. मी बरीच वर्षं ते ‘हवेत’पासून सुरू करायचो.

खरी गंमत थांबण्यात आहे. समजा, नायक १० मीटर पडून एका हातानं कठडा पकडतो. तोवर त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर झालेला असतो. अर्ध्या मीटरात थांबला म्हटलं तरी बोटांवर वजनाच्या २१ पट ओढ, म्हणजे ७० किलोच्या माणसासाठी जवळजवळ दीड टन! बोटं राहतील, पण कठड्यावर. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर, अधिक एक, म्हणजे वजनाच्या किती पट ओढ ते कळतं. एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं. मी तो प्रसंग पुन्हा लिहिला : आधी कापडी छत फाटतं, मग कपडे वाळत घालायची तार तुटते, मग कठडा. नखं उपटतात. पुढची तीन प्रकरणं त्याची दोन बोटं वळत नाहीत, पिस्तुलात गोळ्या भरताना एक निसटून घरंगळत जाते. तीन आधार लागोपाठ हाती लागणं हाही योगायोगच, पण त्या घरंगळलेल्या गोळीमुळे कुणी त्याबद्दल विचारलं नाही.

हवेतल्या हवेत दुसरी उडी? पायाखाली रेटायला काही नसतं, तेव्हा ती सरळसरळ जादू. तुमच्या कथेत जादू असेल तर पहिल्याच प्रकरणात दाखवा. नायक अडचणीत सापडल्यावर ती आठवली, तर लबाडी वाटते.

ती चार वाक्यं मी टाकून दिली नाहीत. आता नायक ती कठड्यावर उभा राहून बोलतो, आणि खलनायक उत्तरासाठी तोंड उघडतो तेव्हा कठडा रिकामा असतो.