मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसं ठेवावं: सीमाभागातल्या पालकांसाठी

सेटिंगचं काम एका संध्याकाळी उरकतं. मूल 13 वर्षांखालचं असेल तर फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून त्याचं वेगळं गूगल खातं काढा. व्हॉट्सॲपवर अनोळखी माणूस ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही अशी प्रायव्हसी ठेवा. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. इन्स्टाग्रामवर खरी जन्मतारीखच घाला, वय वाढवून खातं उघडलं की लहानांसाठीचं संरक्षण मिळत नाही.

खरी कसोटी पुढे आहे आणि तिथेच चुकीचे सल्ले मिळतात. 'मोबाईल गुपचूप तपासत जा' हा त्यातला सर्वांत वाईट. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मूल घरात मराठी बोलतं, मित्रांशी इंग्रजी अक्षरांत कन्नड टाईप करतं, गेममध्ये हिंदीत बोलतं. तुम्हाला त्यातलं किती कळणार? शिवाय दुसरं खातं उघडायला पाच मिनिटं पुरतात. मुलानं स्वतः येऊन सांगितलं तरच तुम्हाला कळेल.

मूल सांगत नाही, कारण मोबाईल जाईल आणि मार बसेल हे त्याला माहीत असतं. मुलाचा उघडा फोटो पसरवीन अशी धमकी देऊन पैसे मागणाराही याच भीतीवर जगतो. म्हणून आधीच, काही घडलेलं नसताना, सांगा: "काहीही झालं तरी मला सांग. मी मोबाईल काढून घेणार नाही, ओरडणार नाही." हे आई आणि बाबा दोघांनीही म्हणायला हवं. आईनं शब्द द्यायचा आणि बाबांनी मोबाईल हिसकावायचा, असं झालं तर सगळं संपलं. मूल आधी किरकोळ गोष्ट सांगून बघतं, एखादा घाणेरडा व्हिडिओ दिसला म्हणून. तेव्हा भडकलात तर मोठी गोष्ट तुमच्यापर्यंत येणारच नाही. हा संयम मलाही जड गेला, पण याला पर्याय नाही.

धमकी आलीच तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. नंबर, प्रोफाईल आणि धमकीचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. मुलाचा तसला फोटो काकाला, मामाला 'दाखवायला' अजिबात पाठवू नका, आयटी कायद्याच्या कलम 67 बी खाली तो पाठवणंही गुन्हा आहे. तो फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा वापरा. फोटो मोबाईलमध्येच राहतो, त्या सेवेकडे फक्त त्याची डिजिटल खूण जाते.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा, मुलासाठी मदत हवी तर 1098 वर. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर किंवा सीईएन पोलीस ठाण्यात (कर्नाटकातलं सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं ठाणं) द्या. कन्नडची धास्ती वाटत असेल तर कन्नड लिहिणारं विश्वासाचं माणूस सोबत न्या. लैंगिक छळाचा मामला असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब ते बोलेल तसाच, आईवडिलांसमोर घ्यायचा असतो आणि त्यासाठी दुभाषाही घेता येतो. तो मागून घ्या.