कामाच्या जागी गोळ्यांचा डबा भरताना

आधी एक: प्रथमोपचार पेटी वेगळी, गोळ्यांचा डबा वेगळा. 1948 च्या कारखाना कायद्यातच, कलम 45 मध्ये, पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज काहीही ठेवू नये असं लिहिलेलं होतं. बँडेज, कापूस पेटीत. क्रोसिन तिथे कोंबायची नाही.

डब्यात मोजकंच: पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, अँटासिड, ओआरएस, लावायचा बाम. स्ट्रिपवर उभी लाल रेघ आणि आरएक्स (Rx) दिसलं की ती डॉक्टरच्या चिठ्ठीची गोळी, ती बाहेर, विषय संपला. पाळीच्या दुखण्यासाठी मेफ्टाल स्पास हमखास मागितली जाते, तीही चिठ्ठीचीच. सर्दीच्या गोळ्याही नकोत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून तापाची गोळी दिली की डोस दुप्पट. शिवाय गुंगी. प्रेसवर किंवा फोर्कलिफ्टवर बसणाऱ्याला डुलकी परवडत नाही.

आता जे हमखास राहतं ते. स्ट्रिप कापू नका. केमिस्ट ‘चारच देऊ का?’ म्हणत कात्री उचलतो, तिथेच अडवा. अख्खी स्ट्रिप घ्या, बिलासकट. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुधा एकाच टोकाला असतात. ते टोक गेलं की उरलेले चंदेरी तुकडे किती ताकदीचे, कधीपर्यंतचे, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून गोळी नेहमी उलट्या बाजूने काढायची, तारखेचं टोक सगळ्यांत शेवटी. ऑफिसात कुणीतरी उत्साही माणूस सोय म्हणून एकेक गोळी कापून प्लास्टिकच्या डबीत भरतो. त्याला आधीच बजावून ठेवा. सुटी गोळी सापडली, कितीही ओळखीची वाटली, तरी वापरायची नाही.

डबा कोरड्या जागी, 30 अंशांच्या आत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधलं लोखंडी कपाट चालणार नाही, वॉचमनच्या केबिनची उन्हाची खिडकी तर नाहीच.

देण्याआधी विचारा: सकाळपासून कुठली गोळी घेतली? ॲलर्जी? लिव्हर, किडनीचा त्रास? रोजची औषधं? गरोदर बाईला डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नका. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची एक, फार तर दोन. पुढची सहा तासांनी. पावसाळ्यात ताप आला आणि शेजारच्याने खिशातून ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लॅम काढली तर थांबवा, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ओआरएसच्या पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय, मोठ्या पाकिटाला बहुधा एक लिटर, तेवढ्यातच अख्खं पाकीट. ‘ग्लासात थोडंसं’ नाही. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तर अँटासिड शोधत बसू नका. 108 लावा.

वहीत नाव, औषध, किती, किती वाजता. वेळ लिहायचीच, नाहीतर पाळी बदलली की दुसरा माणूस तासाभरात पुन्हा तीच गोळी देतो.

महिन्यातून एकदा तारखा बघा. कापलेली स्ट्रिप दिसली तर ‘अजून चालेल’ वगैरे चर्चा नको, काढून टाका. कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर दिलेल्या गोळीची स्ट्रिप बरोबर द्या, नाव आणि तारीख वाचता येईल अशी. म्हणजे पुन्हा तेच: न कापलेली. किल्ली रात्रपाळीकडेही असू दे.