फोन केलात ना? मग मी येईपर्यंत एवढं बघा

कुडाळ तालुक्यात साप पकडायला जाऊ लागल्याला 16 वर्षं झाली. एरवी मी गाड्यांचे पंक्चर काढतो. मिरगाचा पाऊस पडला, बिळांत पाणी शिरलं, की फोन सुरू. आणि प्रत्येक जण आधी रंग सांगतो. "दादा, काळा हा!" अहो, धामण पिवळसर असते, तपकिरी असते, काळपटही असते. घाबरलेल्या माणसाला तर सगळेच काळे दिसतात. रंग राहू द्या, साप करतोय काय ते सांगा.

आधी उभं कुठे राहायचं ते. साप उडी मारून अंगावर येत नाही. अंगाचा पुढचा भाग झटक्यात पुढे फेकतो, तोही फार तर लांबीच्या अर्ध्यापर्यंत. त्याच्या दोन लांब्या सोडून उभे राहा. दिवा लावा, पोरं-मांजरं बाहेर काढा, एकानेच नजर ठेवा. काठीने ढोसू नका. साप एकदा माळ्यावरच्या सामानात शिरला की मी येऊनही उपयोग नाही.

आता चाल. सरसर पळतोय, लांबलचक आहे, तर बहुतेक धामण. हिला विष नाही. मात्र टाइल्सवर धामण बघाल तर भ्याल. सापाच्या पोटाखाली आडवे रुंद खवले असतात. जमिनीचा खडबडीतपणा त्यांत अडकतो, बाजूच्या दगडामातीला अंग रेटता येतं, म्हणून तो पुढे जातो. गुळगुळीत फरशीवर रेटायला काहीच नाही. एका न्हाणीघरात सहा फुटी धामण जागच्या जागी तडफडत होती आणि घरचे म्हणत होते, "चवताळलीय!" मी ओली गोणी टाकली. तिच्यावरून ती मुकाट दारापर्यंत आली.

हलतच नाही, जाडजूड आहे आणि कुकरची वाफ सुटावी तसा आवाज काढतोय? घोणस. अजगराचं पिल्लू समजून लोक हिला उचलायला जातात. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा दिसल्या की मागे सरा.

सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, चिऱ्यांच्या ढिगात हातभर लांबीचं काहीतरी वेटोळं करून खरखरतंय? ते फुरसं. तो आवाज तोंडाचा नाही. करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून ते तुम्हाला बजावतंय. चिरे हलवताना हात घालू नका, आधी पहारीने उलटा.

नाग सोपा. मानेच्या बरगड्या पसरून फणा काढतो, फुसफुसतो. तो आधी सांगतो तरी.

न सांगणारी मण्यार. इथे मी स्वतः चुकलोय. एकदा फोनवर "काळ्यावर पांढरे पट्टे" ऐकलं आणि बोलून गेलो, "कवड्या असेल, बिनविषारी." जाऊन बघतो तर मण्यार. नशीब, कोणी हात लावला नव्हता. तेव्हापासून विचारतो, पट्टे कुठे ठळक आहेत? कवड्याचे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचे उलटे: डोक्यामागे थोडी जागा मोकळी, शेपटीकडे स्पष्ट. कवड्या पालीच्या मागे भिंतीवर सहज चढतो, मण्यार सहसा जमिनीवरच. तरीही हे मला सांगण्यासाठी. तुम्ही उचलण्यासाठी नाही.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा फारसा दुखत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, उलट्या होतायत, तर ॲसिडिटी म्हणून बसू नका.

चावलाच, तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. अंगठी-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मारणं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच.

माझा फोन लागला नाही तर वन विभागाचा 1926 लावा. आणि दूध ठेवू नका हो. परवा एका पडवीत भरलेली वाटी होती, नाग तिच्याशेजारून निघून गेला, दूध मांजराने प्यायलं.